आजीची परीक्षा

परीक्षा ही केवळ विद्यार्थ्यांच्याच वाट्याला येते, अशी आम्हां मुलांची समजूत असते. परंतु मनुष्य वृद्ध झाला आणि विस्मरण वाढू लागले, म्हणजे त्यालाही एक परीक्षा द्यावी लागते. तिच्या निकालाची धास्ती शालान्त परीक्षेहून अधिक असते, हे गेल्या वर्षी माझ्या आजीमुळे मला कळले.

या परीक्षेचा इतिहास फार जुना नाही. १९७५ साली अमेरिकेत फोलस्टीन व त्यांचे सहकारी यांनी बुद्धीची स्थिती पाहण्यासाठी तीस गुणांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. २००५ साली कॅनडातील माँट्रियल येथे डॉ. नासरेद्दीन यांनी तशीच, परंतु थोडी अधिक कठीण चाचणी पुढे आणली. आजची तारीख सांगा. शंभरातून सात-सात वजा करीत जा. पाच शब्द ध्यानात ठेवा. घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवा, असे तिचे स्वरूप असते.

आता याच प्रकारचे प्रश्न पाटीएवढ्या टॅबवर विचारले जातात. कागदावर पूर्ण झालेले घड्याळ तेवढे दिसते. यंत्र मात्र हात कोठे थबकला, काटा काढण्यापूर्वी किती क्षण गेले, याचीही नोंद ठेवू शकते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोक, म्हणजे शेकडा ७.४, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. एवढ्यांना तपासण्यास तज्ज्ञ कोठून आणावेत? म्हणून या यंत्रांकडे मोठ्या आशेने पाहिले जाते.

आमचे घर हैदराबादेत तीन पिढ्यांचे. आजीचे माहेर परभणीकडचे, शिक्षण चौथीपर्यंत. भाजीवाल्याला दोनदा पैसे देणे, नुकतीच सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगणे, असे वारंवार होऊ लागले, तेव्हा वडील तिला दवाखान्यात घेऊन गेले. मीही सोबत होतो. तेथील टॅबवर हिंदी, तेलुगू व इंग्रजी होती; मराठी नव्हती. तारीख विचारताच आजी म्हणाली, “मार्गशीर्ष शुद्ध पंचमी.” यंत्राने ते उत्तर चूक धरले. घड्याळ काढू गेली, तर भाकऱ्या थापून राठ झालेल्या बोटाची रेघ काचेवर उमटेना. निकाल फार कमी गुणांचा आला. बाहेर येताच तिने मला विचारले, “काय रे, पास झाले का मी?” वडील खाली मान घालून उभे राहिले.

तेथील डॉक्टरबाई तेलुगू होत्या. पण त्यांनी तो आकडा अखेरचा मानला नाही. वडिलांना दुभाषी करून त्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले. पंचांगातील तिथी अचूक निघाली. वजाबाकी आजीने तोंडीच केली आणि वर निमकीचा पाढाही म्हणून दाखवला! मात्र ध्यानात ठेवायला दिलेले पाच शब्द थोड्या वेळाने विचारले, तेव्हा मराठीतूनही दोनच आठवले. म्हणजे यंत्राच्या निकालात काही भाग भाषेचा व अपरिचयाचा होता, तर काही भाग खराच होता. रक्ततपासणीत ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले, त्यावर उपचार सुरू झाले. स्मृती थोडी सुधारली, पूर्ववत झाली नाही.

अशी चाचणी ही चाळणी आहे. चाळणीने निदान होत नाही. कोणाला अधिक तपासावे, एवढेच कळते. आणि चाळणी धान्याजोगी हवी. १९९५ साली हरियाणातील बल्लभगड येथे निरक्षर वृद्धांसाठी केलेल्या हिंदी चाचणीत हे जाणले गेले होते. मूळ चाचणीत “डोळे मिटा” हे वाक्य वाचून तसे करावे लागे. तेथे विचारणाऱ्याकडे पाहून त्याच्यासारखे करावयास सांगितले. माँट्रियलच्या चाचणीतही बारा वर्षे किंवा त्याहून कमी शिक्षण असलेल्यास एक गुण अधिक देत असत. पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम या पाच भाषांसाठी चाचणीसंच सिद्ध केला. त्या पहिल्या पाचांत आपली भाषा नव्हती, ही गोष्ट परप्रांतातील मराठी घरांनी ध्यानात ठेवावी.

डॉक्टरबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. आजीची तुलना दुसऱ्या कोणाशी न करता, वर्षापूर्वीच्या आजीशीच करावयाची. यंत्राचा खरा उपयोग येथेच आहे. कारण गेल्या खेपेचा प्रत्येक क्षण त्याच्या नोंदीत राहतो. मात्र भाजीवाल्याला दोनदा पैसे दिल्याचे ते जाणत नाही. ते घरच्यांनीच सांगावे लागते. म्हणून मी एक वही केली आहे. काय विसरले, केव्हा विसरले, आणि काय आठवले, हेही तीत लिहितो. वाचकमित्रांनो, तुमच्या घरी आजी-आजोबा असतील तर अशी एक वही जरूर ठेवा. आणि परीक्षेच्या वेळी त्यांच्याजवळ बसून प्रश्न त्यांच्या भाषेत पोहोचतो आहे ना, एवढे पाहा.