सलालाचा खरीफ आणि औषधांची बॅग

पाऊस पाहायला आखातात जायचे, असे म्हटले की कोकणातला माणूस हसतो. पण ओमानच्या दक्षिण टोकाला, येमेनच्या बाजूला, सलाला नावाचे शहर आहे. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत अरबी समुद्रावरून आलेले ढग तिथल्या डोंगरांना अडतात आणि दिवसभर भुरभुर चालू राहते. या मोसमाला तिथे खरीफ म्हणतात. आपल्या सातबाऱ्यावरचा खरीप तो हाच शब्द. मस्कत ४० अंशांच्या वर तापलेले असते, तेव्हा सलालात पारा २५ च्या आसपास रेंगाळतो. रस्त्याच्या कडेला शहाळी, केळी, पपया टांगलेल्या टपऱ्या. रत्नागिरीच्या माणसाला परके वाटावे असे तिथे फारसे काही नाही.

आम्ही तिथे गेलो ते मात्र हौसेपेक्षा हिशेबाने. आमच्या धाकट्याला सिस्टिक फायब्रोसिस आहे. आई आणि बाप दोघांकडून एकेक बिघडलेला जनुक आला तरच होणारा हा आजार. फुप्फुसांतला कफ डिंकासारखा चिकट होतो, स्वादुपिंडाचे पाचकरस आतड्यांत पोहोचत नाहीत आणि घामातून मीठ भरमसाट जाते. एप्रिलमध्ये त्याच्या कपाळावर मिठाची पांढरी रेघ उमटते. हा गोऱ्यांचा आजार, असे आपल्याकडे बरीच वर्षे मानले जाई, त्यामुळे कित्येक मुलांचे निदानच होत नसे. असो. मुद्दा एवढाच की या मुलाला मे महिन्यात मस्कतला मामूंकडे नेणे म्हणजे संकटाला आवतण. मामू आणि मुमानी कधीचे बोलावत होते. शेवटी ठरले, गणपतीच्या सुट्टीला जोडून जायचे आणि मस्कतला फक्त विमान बदलायचे.

तिकिटांच्याही आधी विम्याचा प्रश्न आला. प्रवास विम्याच्या अर्जात एक रकाना असतो: आधीपासूनचा काही आजार आहे का? एजंट म्हणाला, "भाईजान, लिहू नका. कोण बघतंय?" आम्ही लिहिले. खोटे लिहायचे नाही हे तर आहेच, पण व्यवहारानेही ते बरोबर आहे. आजार लपवला आणि नंतर उघड झाला, तर कंपनी सगळी पॉलिसीच रद्द ठरवू शकते. मग पाय मोडला तरी हात वर.

पहिल्या कंपनीने नकार दिला. दुसरी तयार झाली, पण हा आजार आणि त्यातून उद्भवणारे सगळे वगळून. तिसरीने जिवावर बेतेल अशा आणीबाणीपुरता खर्च मान्य केला, तोही ठराविक मर्यादेत. आम्ही तिसरी घेतली. म्हणजे नेहमीसारखा कफ वाढला आणि अँटिबायोटिकचा कोर्स लागला, तर पैसे आमचेच. ती रक्कम आम्ही सहलीच्या खर्चातून आधीच बाजूला काढली आणि दहा दिवसांचे सात दिवस केले. निघण्यापूर्वीच मुलाला दाखल करावे लागले असते, तर तिकीट रद्द केल्याची भरपाईही मिळणार नव्हती. म्हणून तारीख बदलता येईल असे थोडे महाग तिकीट आणि आयत्या वेळी रद्द करता येईल असे हॉटेल पाहिले. काय धरले, काय वगळले हे फोनवर न ऐकता ईमेलवर मागून घेतले. ब्रिटनमध्ये अशा रुग्णांच्या फुप्फुसांची ताकद, वर्षभरातल्या हॉस्पिटलच्या फेऱ्या विचारून हप्ता ठरवणाऱ्या कंपन्या आहेत. आम्हाला इथे तसे काही सापडले नाही.

विमा ज्याला हात लावत नाही, तिथे तयारीच कामाला येते. विमानाच्या केबिनमधली हवा साधारण आठ हजार फुटांच्या डोंगरावरच्या हवेइतकी विरळ असते. त्यामुळे डॉक्टरांनी आधी श्वासाची तपासणी करून प्रवासाला हो म्हटले. औषधांची मूळ नावे लिहिलेले त्यांचे इंग्रजी पत्र घेतले, मामूंनी त्याचा अरबी तर्जुमा करून ठेवला. दिवस सात, औषधे चौदा दिवसांची, आणि सगळी हातातल्या बॅगांत. सामानातली बॅग हरवली तर विमा कपड्यांचे पैसे देईल, पण पाचक कॅप्सूल रात्री अकरा वाजता कुठे शोधणार? नेब्युलायझर, त्याची बॅटरी, आणि ओमानच्या चौकोनी तीन पिनांच्या सॉकेटसाठी अडॅप्टर. विजेचा दाब आपल्यासारखाच असल्याने ती एक काळजी मिटली.

या कॅप्सूलविषयी एक गोष्ट आपल्या घरांत दबक्या आवाजात विचारली जाते, म्हणून लिहितो. त्यातले पाचकरस डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेले असतात. त्या तोडीचा दुसरा पर्याय आमच्या डॉक्टरांकडे नाही. आम्ही आमच्या मौलानांना विचारले. जीव वाचवण्यासाठी दुसरा इलाज नसेल तर इजाजत आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. सुरुवातीला मनाला लागले होते. आता प्रत्येक जेवणाआधी बिस्मिल्लाह म्हणून तो कॅप्सूल घेतो आणि जेवायला लागतो.

मामूंचा आग्रह होता की मस्कतहून गाडीनेच जावे. रस्ता सुमारे हजार किलोमीटर, बराचसा वाळवंटातून. रस्ता उत्तम आहे, पण भर उन्हात गाडी बंद पडली तर आपल्याला नुसता ताप होईल, त्याच्या अंगातले मीठ तासाभरात उतरेल. शिवाय गरम गाडीत कॅप्सूल खराब होतात. मामू थोडे रुसले, मग विमानतळावर शिऱ्याचा डबा घेऊन हजर झाले.

सलालात आमचा दिवस दहा वाजता सुरू होई. त्याआधी नेब्युलायझर, छातीवर थापटून कफ मोकळा करणे, यंत्राच्या वाट्या उकळून घेणे. पहिल्या खोलीत शिरताच बुरशीचा वास आला. ओल्या हवेचे शहर, दुसरे काय. बुरशी अशा फुप्फुसांना घातक, म्हणून सामान उघडायच्या आतच खोली बदलून घेतली. हॉटेलातल्या गरम पाण्याच्या टबलाही सलाम केला, कारण तशा कोमट पाण्यात या मुलांना छळणारे जंतू वाढतात. वादी दर्बातच्या हिरवळीवर उंट मोकळे चरत होते, धबधब्याचे पाणी पांढरे शुभ्र कोसळत होते. तो काठावरून पाहत राहिला. साचलेल्या पाण्यात पाय घालायचा नाही, हे त्याला सांगावे लागले नाही. आम्हालाच त्याचे वाईट वाटत होते.

मुगसैलच्या किनाऱ्यावर खडकांतल्या भोकांतून समुद्राचे पाणी कारंज्यासारखे उडते. तिथे मात्र तो चिंब भिजला आणि मनसोक्त ओरडला. ओरडल्यावर खोकला आला, कफ सुटला. डॉक्टरांना हेच तर हवे असते.

शहाळी त्याने रोज दोन-दोन प्यायली. पण शहाळ्यात त्याला हवे असलेले मीठ फार थोडे असते, म्हणून ओआरएसची बाटली सुटली नाही. संध्याकाळी तापलेल्या दगडांवर भाजलेले मटण, ज्याला तिथे मदबी म्हणतात. चरबी भरपूर, म्हणून डॉक्टरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे कॅप्सूलही जास्त. या आजारात मुलांना तुपाचे, चरबीचे खाणे मुद्दाम द्यावे लागते. शेजारच्या टेबलावरच्या ओमानी आजोबांनी त्याला "अजून खा" म्हणून आपल्या ताटातला तुकडा वाढला.

खरा पेच आला तो लुबानचा. धोफार ही लुबानची भूमी. तिथली झाडे आणि जुनी बंदरे युनेस्कोच्या यादीत आहेत. हाफा बाजारात दुकानादुकानात धुपाटणे चालू असते आणि पाहुण्याचे स्वागतही त्या सुगंधी धुरानेच होते. आमच्या मुलाला मात्र कुठलाच धूर चालत नाही. एका दुकानदाराला मामूंनी अरबीत समजावले. तो काही न बोलता धुपाटणे मागच्या खोलीत ठेवून आला आणि हिरवट-पांढरा कच्चा खडा मुलाच्या तळहातावर ठेवला. न जाळताही त्याला वास असतो, लिंबाच्या सालीसारखा. तो खडा आता त्याच्या कंपासपेटीत आहे.

इत्तीनच्या डोंगरावर हजरत अय्यूब अलैहिस्सलाम यांची म्हणून ओळखली जाणारी कबर आहे. आजारपणातल्या सब्रसाठी आपण ज्यांचे नाव घेतो, ते. धुक्यात दोन हातांवरचे दिसत नव्हते. मुलाने विचारले, "ते बरे झाले होते ना?" आम्ही हो म्हणालो. तिथून पुढे सुमरैतच्या रस्त्याला गेले की डोंगर ओलांडताच हिरवळ संपते आणि रखरखीत वाळवंट लागते. ते पाहायची इच्छा खूप होती. खिडकीची काच तापायला लागली तशी मामूंनी स्वतःहून गाडी वळवली.

अल्हमदुलिल्लाह, विम्याचा कागद एकदाही उघडावा लागला नाही. परतल्यावर कफाची तपासणी करून घेतली, नवा जंतू नाही. वजन सातशे ग्रॅमने वाढले. त्यात मदबीचा वाटा किती आणि मुमानींच्या शिऱ्याचा किती, यावर घरात अजून एकमत झालेले नाही.