दोन मुठी उंचीवरचा ध्रुव

तुडीलला मी संध्याकाळी काही मुलांना शिकवीत असे. एकदा एका मुलीने विचारले, "सर, ध्रुव अजिबात हलत नाही?" मी ठामपणे 'नाही' म्हणालो. रात्री मनाला टोचणी लागली. त्या उत्तराला बालपणी ऐकलेल्या कथेखेरीज आधार नव्हता. माझ्याजवळ ना दुर्बीण होती, ना नकाशा.

विद्यापीठांतील अध्यापकांसाठी १९८८ साली पुण्यात 'आयुका' उभी राहिली. तिचे संस्थापक डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न पाठवायला सांगत; उत्तराखाली स्वाक्षरी मिळे. २०२५ साली ते गेले. त्यांना पत्र लिहिण्याचे धाडस मला कधी झाले नाही. त्यांचे 'आकाशाशी जडले नाते' मात्र मी मागवले.

हळूहळू उमगले, की पहिले साधन हाताशीच आहे. लांब धरलेली मूठ आकाशाचे साधारण १० अंश झाकते. आपले अक्षांश सुमारे १८. म्हणून ध्रुवही क्षितिजापासून तेवढाच वर. अंगणात मुलांनी उत्तरेला मुठीवर मूठ ठेवली आणि दुसऱ्या मुठीच्या टोकाशी ध्रुव सापडला!

पुढे वाचनात आले, की ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर आहे. त्यामुळे तोही रोज एक लहानसे वर्तुळ काढतो. मी मुलांसमोर चूक कबूल केली. ती मुलगी हसून म्हणाली, "म्हणजे मी विचारलं ते बरं झालं."

त्या दिवसापासून 'मला ठाऊक नाही, शोधू या' हे वाक्यही मी शिकवण्याच्या साधनांत धरतो.