ज्येष्ठात सुरू होणारा नाताळ

वसईतल्या आमच्या घरी नाताळची पहिली तयारी जूनमध्ये होते. बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, पाणी चढू लागलेलं असतं, आणि नेमकी तेव्हाच एखादी कोंबडी खुडूक होते. खुराड्यातून हलत नाही, पिसं फुलवून बसते, हात पुढे केला की घशातल्या घशात दटावते. आई तिच्याखाली निवडक अंडी सरकवते. २१ दिवसांनी पिल्लं निघतात, आणि गावठी नर जेवणाजोगा व्हायला पाच-सहा महिने घेतोच. ज्येष्ठापासून मोजत आलं की डिसेंबर येतो. ब्रॉयलर सहा-सात आठवड्यांत वाढतो, बाजारात कधीही मिळतो; पण नाताळच्या रश्श्याला आमच्याकडे तो चालत नाही. हा हट्ट मला मनापासून आवडतो. सण घरात येण्याआधी सहा महिने तो अंगणात चालतो, दाणे टिपतो, आपल्या डोळ्यांसमोर मोठा होतो.

पावसाळ्यात त्याला जपणं हेच खरं काम. पेंढा ओला राहिला की पिल्लं गारठतात. मुंगूस कुंपणाखालून येतं, घार वरून. मानमोडीची साथ आली तर एका आठवड्यात खुराडं रिकामं होतं, म्हणून वेळेवर लस द्यावीच लागते. संध्याकाळी डालगं झाकताना आई पिल्लं मोजते, आणि मोजणी जुळेपर्यंत घरात कुणी तिच्याशी बोलत नाही.

डिसेंबरात वेगळीच अडचण. अंडी नीट मिळायला कोंबडीला चौदा-एक तास उजेड लागतो, आणि वसईचा दिवस तेव्हा सुमारे ११ तासांचा असतो. गावठी कोंबड्या अंडी कमी करतात, काही तर थांबतातच. आणि नाताळला तर अंडी हवीतच! तेलात तळायच्या फुग्यांसाठी हवीत, केकसाठी हवीत. म्हणून नाताळाआधीचा आगमनकाळ लागला की रोजचं ऑम्लेट बंद. अंडी निमुळतं टोक खाली करून तांदळाच्या डब्यात रोवून ठेवायची, आणि त्या डब्याला मुलांनी हात लावायचा नाही.

फुगे करणं ही हातातली कला आहे. मैदा, अंडी, नारळाचं दूध, थोडी साखर. पूर्वी ताडीने आंबवत, आता यीस्टने. सैल पीठ मुठीत घेऊन अंगठा आणि तर्जनीच्या मधून असं दाबायचं की गोळा आपोआप वर येऊन तेलात पडावा. काकूच्या हातून तो गरगरीत पडतो, तेलात स्वतःच उलटतो. कुलकुलांना इतकं कसब लागत नाही. नव्या कंगव्यावर पीठ दाबून गुंडाळायचं, ते मुलंही करतात.

नाताळच्या गोठ्याचं काम आठ-दहा दिवस आधी निघतं. परातीत माती घालून नाचणी पेरायची. नाताळपर्यंत ती बोटभर वाढते आणि बेथलेहेमची कुरणं तयार होतात. घटस्थापनेला शेजारच्या घरी असंच धान्य उगवतं, तेव्हा मला आमची परात आठवते. भिंती कामट्यांच्या, छप्पर भाताच्या पेंढ्याचं, चांदणी पतंगाच्या कागदाची, चिकटवायला घरची खळ. संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावात गव्हाण मांडली तेव्हा जिवंत बैल आणि गाढव आणले होते. आमच्या गोठ्याच्या छपरावर मातीचा कोंबडा असतो. त्याचा मान मोठा. मध्यरात्री एकदाच कोंबडा आरवला, तो येशूजन्माच्या रात्री, अशी कथा पोर्तुगीज लोक सांगतात. वसईवर १५३४ ते १७३९ त्यांची सत्ता होती. कथा आमच्या घरात कधी आली कोण जाणे, पण कोंबडा दरवर्षी छपरावर चढतो.

संध्याकाळी ओटीवर गाण्यांची तालीम चालते. पेटी मावशीची, व्हायोलिन काकांचं, ढोलकीवर जो मोकळा असेल तो. मराठी कॅरोल आधी, आणि शेवटी क्रिस्तपुराणातल्या ओव्या. ते लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज, पण १६१६ साली गोव्यात छापलेला त्यांचा ग्रंथ ओवीत आहे, आणि ओवी लागली की आमच्या घरातल्या बायकांना चाल शिकवावी लागत नाही. व्हायोलिन जरा मागे राहतं, पेटी सावकाश होते. त्या वेळी मला वाटतं, गव्हाणीतल्या बाळाला याहून जवळची भाषा कुठली असेल?

पण या सगळ्याला वाडी लागते. केळीच्या बागेत सावली, कोंबड्यांना उकरायला माती, पाण्याला बावखल. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी लढा दिला तो याच मातीसाठी. आमच्या रस्त्यालाही आता इमारती आल्या आहेत, आणि चौथ्या मजल्यावर खुराडं ठेवता येत नाही. तिथल्या मैत्रिणींसाठी आई दर नाताळला फुग्यांबरोबर चार गावठी अंडीही पाठवते. दिवाळीला त्यांच्याकडून चकल्या आलेल्या असतातच.

सणाचं जेवण झालं की दोन नर उरतात. त्यांतला एकच खुराड्यात ठेवायचा, पुढच्या ज्येष्ठासाठी. आईला पिवळ्या पायांचा तांबडा हवा आहे, त्याचा आवाज मोठा आहे म्हणून. काका म्हणतात, काळा ठेव, त्याच्या पोटची पिल्लं पावसात टिकतील. वाद अजून मिटलेला नाही, आणि दोन्ही कोंबडे कुंपणावर बसून आरवत आहेत.