वरळीचे नवे घर

भालकी-उदगीरच्या मार्गाने बिदरची गाडी रात्रभर धावून मुंबईस पोहोचते. २०२५ च्या दसऱ्याच्या सुट्टीत त्या गाडीने आम्ही वरळीस गेलो, ते एका जुन्या विद्यार्थिनीच्या आग्रहावरून. औराद तालुक्यातील ही मुलगी लग्न होऊन बीडीडी चाळीत गेली, त्यास वीस वर्षे लोटली. ‘गुरुजी, नवे घर पाहायला याच,’ असा तिचा निरोप होता.

जुन्या घरी आम्ही एकदा उतरलो होतो. खोली अवघी १६० चौरस फुटांची, तीत माणसे सहा. मजल्यावर वीस खोल्या, मधून लांबच लांब अंधारा बोळ आणि सामाईक संडास. गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० नंतर, कामगारांसाठी बांधलेल्या या चाळी प्रारंभी बऱ्याचशा ओसच होत्या. पुढे कायदेभंगाच्या चळवळीत सरकारने त्यांतील काहींचा सत्याग्रहींसाठी तुरुंग केला. घराची कोठडी करण्यास फारसे कष्ट पडले नसावेत!

तरीही त्या बोळाचे आमच्या भागावर ऋण आहे. परळच्या टाटा रुग्णालयात उपचारासाठी येणारी गावाकडची किती माणसे तिथे पथारी टाकून राहिली! कुणी कुणास नाव विचारले नाही. अर्थात चाळीत सदा गोकुळच नांदत होते, असे आम्ही म्हणणार नाही. १९७४ च्या जानेवारीत याच वस्तीत दलित पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली होती. आमच्या बिदरच्या जुन्या शहरात तरी काय, हवेलीला लागून कारागिराचे घर असे; पण पाणवठा एक असेच असे नाही.

वरळीतील अशा १२१ इमारतींच्या जागी नवी वस्ती उभारण्याचे भूमिपूजन २०१७ साली झाले आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. चाळकऱ्यास ५०० चौरस फुटांचे घर, मालकीचे आणि विनामूल्य. त्याच भूमीवर विक्रीसाठी मनोरे उभे राहावयाचे, धनिकांनी ती घरे घ्यावयाची आणि त्या पैशांतून हा खर्च भागावयाचा, असे गणित आहे. गणित चुकीचे नाही. गरिबाला शहराबाहेर हाकलण्यापेक्षा ते शतपटीने बरे. परंतु चाळकऱ्यांच्या इमारती निराळ्या आणि विक्रीचे मनोरे निराळे. भूमी एक झाली म्हणून शेजार होतोच असे नाही.

सासूबाईंनी आम्हांस दिवाणखान्याआधी न्हाणीघर आणि संडास दाखविला. “साठ वर्षं रांगेत काढली, गुरुजी,” एवढेच त्या बोलल्या. त्यापुढे आमची सारी चिकित्सा लटकी पडली. मुलाला मात्र निराळाच घोर आहे. चाळीचे भाडे नाममात्र होते. चाळीस मजल्यांच्या इमारतीतील उद्वाहन, पंप आणि दिवाबत्तीचा खर्च पुढे पगारात कसा बसवावा? उत्पन्न न वाढता ज्याचे केवळ घर वाढले, त्याने ते विकून दूर कुठे जाऊ नये, यासाठी हा हिशेब आजच मांडावयास हवा. 

खाली उतरलो तेव्हा रखवालदार वहीत आमची वेळ टिपत होता. आमच्या विद्यार्थिनीने त्याला आणखी एक नाव लिहून घ्यावयास सांगितले. सोमवारी तिच्या माहेरचे एक गृहस्थ टाटामध्ये तपासणीस येणार होते. दिवाणखान्यात खिडकीशी त्यांच्यासाठी खाट घालून ठेविलेली आम्ही पाहिली होती.