विझण्याचा अभ्यास

रुथेनियमच्या एका अणूभोवती बायपिरिडिनचे तीन रेणू, म्हणजे तीन लिगंड, बसवले की एक नारिंगी कॉम्प्लेक्स तयार होतं. माझी संशोधनातली वर्षं त्याच्या आणि त्याच्या भाऊबंदांच्या मागे गेली, आणि चांगली गेली. बर्स्टॉल यांनी ते 1936 साली बनवलं. ते प्रकाश देतं ही नोंद पॅरिस आणि ब्रांट यांनी केली ती थेट 1959 मध्ये. निळा प्रकाश टाकला की ते तांबूस-नारिंगी उजळतं. पण प्रकाश गिळणं आणि परत देणं यांच्यामध्ये जो मायक्रोसेकंदाहूनही कमी वेळ जातो, तेवढ्यात रेणूपुढे कितीतरी वाटा असतात. ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाऊ शकते, इलेक्ट्रॉन दुसऱ्या रेणूकडे जाऊ शकतो, नाहीतर जवळून जाणारा ऑक्सिजन सगळंच लुबाडून नेतो. उजळणं ही त्यातली एक वाट, आणि बहुतेक वेळा हरणारी. म्हणून आमच्या शाखेचं नाव प्रकाशाशी जोडलेलं असलं, तरी दिवस जातात ते विझण्याची कारणं शोधण्यात. मला तेच जास्त आवडत आलं आहे.

ऑक्सिजनचंच घ्या. ॲसिटोनायट्राइलमधलं द्रावण काचेच्या नळीत घ्यायचं, नळी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ते गोठवायचं, वरची हवा पंपाने ओढून घ्यायची, तोटी बंद करायची आणि द्रावण वितळू द्यायचं. वितळताना तळातून बुडबुडे सुटतात. ती आत विरघळलेली हवा. बुडबुडे दिसेनासे होईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा. मग निळ्या दिव्यासमोर दोन नळ्या शेजारी धरायच्या, एक उघडी, एक बंद. बंद नळी जवळजवळ पाचपट उजळ दिसते. नवा विद्यार्थी हे पहिल्यांदा बघत असतो तेव्हा मी काहीच समजावून सांगत नाही. आधी त्याला डोळे भरून बघू दे.

आता हेच उलटं वाचता येतं. उजेड किती मंदावला यावरून पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजता येतो, आणि तसे सेन्सर आज सर्रास वापरात आहेत. जॅकलिन बार्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये याहून देखणी गोष्ट दाखवली. त्यांचं रुथेनियम कॉम्प्लेक्स साध्या पाण्यात काळोखं राहतं, कारण पाण्याचे रेणू त्याच्या लिगंडवरच्या नायट्रोजनना बिलगून ऊर्जा काढून घेतात. डीएनए मिसळला की तो लिगंड बेसच्या जोड्यांमध्ये शिरतो, पाणी दूर राहतं आणि रेणू उजळतो. पाण्याने विझणं आधी नीट समजलं नसतं, तर या उजळण्याचा अर्थ कोणी लावला असता?

अशाच उजळणाऱ्या कॉम्प्लेक्समधून मोबाइलच्या पडद्यांत पोचलेल्या इरिडियमबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. माझं मन अडकलं आहे ते लोखंडात. आवर्तसारणीत ते रुथेनियमच्या अगदी वर बसतं. रुथेनियम दुर्मिळ आणि महाग, लोखंड हवं तेवढं. पण रुथेनियमच्या जागी लोखंड बसवलं की द्रावण सुरेख लाल होतं, प्रकाशही भरपूर शोषतं, आणि परत काहीच देत नाही. लोखंडाच्या स्वतःच्या डी-कक्षा खाली असतात, ऊर्जा पिकोसेकंदाच्याही आत तिकडे घसरते. या वाटेला जाऊ नकोस, असं मला जाणत्या लोकांनी सांगितलं होतं, आणि तेव्हाचे आकडे बघता त्यांचं चुकत नव्हतं.

स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या गटाने कार्बीन लिगंड वापरून त्या कक्षा वर ढकलल्या. 2017 मध्ये त्यांचं लोखंडाचं कॉम्प्लेक्स 100 पिकोसेकंद तग धरून उजळलं; 2019 मध्ये दुसरं एक सुमारे 2 नॅनोसेकंद. रुथेनियमपुढे हे अजून काहीशे पटींनी तोकडं आहे. पण 2019 चा तो शोधनिबंध वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता माझ्या विद्यार्थिनी लोखंडाभोवतीचे लिगंड अधिक ताठ करून बघताहेत. त्यांची बहुतेक संयुगं उजळत नाहीत. न उजळणाऱ्या प्रत्येक संयुगातली ऊर्जा कुठे गेली आणि किती वेळात गेली, हे त्या लेसरने मोजून वहीत उतरवतात. पुढचा लिगंड कोणता घ्यायचा, ते त्या आकड्यांवरून ठरतं.