पाऊस उघडला की

आमच्या घरात तब्येतीसाठी म्हणून कुणी कधी फिरायला गेलं नाही. ‘जरा चालून येतो’ असं म्हणणारा माणूस मादन हिप्परग्यात त्या काळी रिकामटेकडा ठरला असता. तरी आश्विन लागला की अख्खं घर उंबऱ्याबाहेर असे. आधीचे तीन-चार महिने माळवद कुठं गळतंय ते बघण्यात आणि ओल्या सरपणाशी झटण्यात गेलेले असत. हत्तीचा पाऊस एकदाचा पडून जाई, रानाला वापसा येई आणि घरातल्या प्रत्येकाला बाहेर पडायला काही ना काही निमित्त मिळे. आम्ही सगळी चुलत भावंडं त्या निमित्तांवर वाढलो.

गाव आळंद तालुक्यातलं, महाराष्ट्राच्या शिवेजवळचं. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि भांडणात दोन्ही. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं. आमचा गुलबर्गा (आताचा कलबुर्गी) जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, उस्मानाबाद मुंबई राज्यात. पाहुणे, देव आणि सोयरीक मात्र दोन्हीकडे पसरलेली राहिली. त्यामुळे बाहेर पडायचं म्हणजे बहुतेक वेळा शीव ओलांडायची, हेही ओघानंच आलं.

पहिलं निमित्त माळवदाचं. मूग-उडीद वाळत घालायचे, पाखरं हाकायची आणि उन्हं कलली की गोळा करून पोती खाली उतरवायची. हे काम आजीच्या हुकमतीखाली चाले. आश्विनातल्या उन्हाबद्दल तिचे कायदे कडक होते: भर दुपारी डोक्याला फडकं बांधा, रात्री दही मागू नका, दिवसा लोळू नका, दव पडायला लागलं की खाली या. पण दिवेलागणीनंतर घटकाभर चांदण्यात बसायला तिची ना नसे. पुढं आमच्यातला एकजण आयुर्वेद शिकला. चरकसंहितेतल्या ऋतुचर्येत शरदासाठी जवळजवळ हीच यादी आहे, हे त्यानं सांगितलं तेव्हा आम्ही सगळे हसलो. आजीला अक्षरओळख नव्हती. पावसानंतरच्या कडक उन्हानं पित्त खवळतं, ताप-खोकल्याची घरोघर रांग लागते, हे तिनं आयुष्यभर बघितलं होतं, एवढंच. शरदाला वैद्यांची आई म्हणतात ते काही उगीच नाही.

दुसरं निमित्त विहिरीचं. पाणी काठाला आलेलं असे आणि पोहायला शिकायचे तेच दिवस. पाठीला वाळका भोपळा, कमरेला मोटेचा नाडा, नाड्याचं दुसरं टोक अण्णाच्या हातात. अण्णा रोज नाडा थोडा थोडा सैल सोडत जाई. एका दुपारी वर बघावं तर तो पायरीवर निवांत बिडी ओढत बसलेला आणि नाडा नुसताच पाण्यावर तरंगत असलेला! त्या दिवसापासून भोपळा धाकट्याकडे गेला आणि आम्ही मुटके मारायला मोकळे झालो. मुलींना विहीर बंद होती. तरी अक्का पोहायला शिकलीच, गडीमाणसं रानात असताना, काकूच्या पहाऱ्यात, लुगड्याचा काचा मारून.

रानात तर कामाला सुमार नसे. एकीकडे शाळूची पेरणी, दुसरीकडे तुरीला पिवळा फुलोरा. याच कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; आम्हाला तेव्हा ती फक्त लपाछपीला सोयीची वाटे. तिफणीमागं चालताना काकूची मूठ चाड्यावर एका लयीत उघडत-मिटत असे. तिच्याबरोबर तासाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आमच्या किती खेपा होत, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. परतताना बांधावरची सीताफळं. डोळे पडलेली तेवढीच तोडायची आणि बळदाशेजारी भुशात दडपून ठेवायची. रोज सकाळी दाबून बघायला सगळ्यांचे हात पुढं, म्हणून निम्मी पिकायच्या आधीच मऊ व्हायची.

दसऱ्याला गावाबाहेर जाऊन बन्नीची, म्हणजे शमीची, पानं आणायची. थोरांच्या पाया पडून हातावर बन्नी ठेवायची आणि कन्नडमध्ये म्हणायचं, बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू. वर्षभर ज्यांच्याशी बांधावरून बोलणं बंद, त्यांच्याही दारी जावं लागे. संध्याकाळपर्यंत सगळं गाव पायाखालून जाई आणि निदान चार अबोले सुटत.

आणि मग तुळजापूर. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर भवानी श्रमनिद्रेला जाते आणि आश्विन पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते. त्या दर्शनाला सोलापूर, कलबुर्गी, बिदर भागातून माणसं पायी निघतात, आजही निघतात. घरात आठवडाभर आधीच कडक भाकरी थापायला सुरुवात होई. शेंगाचटणी, दशम्या, गूळ अशी फडक्यात बांधलेली शिदोरी. दिवसा ऊन चटके देई म्हणून चालणं पहाटे आणि रात्री. दसऱ्यापासून चंद्र रोज वाढत असे, त्यामुळे कंदिलाची गरज कमी कमी होत जाई. येणेगूरला सोलापूर-हैदराबाद रस्ता लागे, मग जळकोट आणि नळदुर्ग. नळदुर्गला मुक्काम, कारण किल्ला बघितल्याशिवाय आम्ही पोरं पुढं पाऊल टाकत नसू. बोरी नदीवरचा तो १६१३ चा बंधारा, त्याच्या पोटातला पाणीमहाल आणि पाऊस चांगला झालेला असेल तर नर-मादीचे धबधबे. पाणीमहालाच्या खिडकीत उभं राहिलं की समोरून पाण्याचा पडदा कोसळे आणि काकू डोक्यावरचा पदर सोडून देऊन खुशाल भिजत उभी राही.

वाटेत कुणी चहा पाजी, कुणी भाजी-भाकरी वाढी. पायाला फोड आले की कुठल्यातरी ओट्यावर कढत मिठाच्या पाण्याची घमेली तयार असत. अप्पा आमचे अबोल. पण या वाटेवर बोलत. शेताचा व्यवहार, थोरल्या काकाचं कर्ज, अक्काचं लग्न, सगळे निर्णय चालता चालता झाले. समोरासमोर बसून जे निघालं नसतं, ते शेजारी शेजारी चालताना सहज निघे.

सगळंच गोड होतं असं मात्र नाही. आम्हाला जो खेळ वाटे, तो बायकांच्या कमरेचा काटा ढिला करणारा धबडगा होता. त्यांना घराबाहेरचा मोकळा श्वास वर्षातून या एका वाटेवरच मिळे. पेरणीच्या दिवसांत विंचू-काट्याचं भय असे, हिवतापानं कुणी ना कुणी अंथरुणाला खिळे. तेव्हाचं कष्टाचं जिणं परत यावं, असं आमच्यात कुणालाही वाटत नाही.

आता आम्ही भावंडं पुणं, सोलापूर, कलबुर्गी, हैदराबादला विखुरलेलो. मनगटावरची घड्याळं पावलं मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सांगितलं की प्रौढ माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी. सकाळच्या उजेडानं शरीराचं घड्याळ जागेवर येतं, झोप सुधारते, आणि अंगावर ऊन पडलं तरच कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, हेही डॉक्टर समजावतात. ते खरंच आहे. पण नुसत्या आरोग्याच्या धाकानं सुरू केलेलं चालणं आमच्यापैकी बहुतेकांचं दिवाळीच्या फराळापर्यंतही टिकलं नाही. टिकलं ते अक्काचं. ती मैत्रिणी गोळा करून दर कोजागरीला तुळजापूरला पायी जाते आणि त्याच्या सरावासाठी महिनाभर आधीपासून पहाटे निघते. तिला व्यायाम करायचा नसतो, तिला पोचायचं असतं.

तेव्हा यंदा पाऊस उघडला की पावलं मोजण्याआधी एखादं निमित्त शोधा. देव नसेल तर किल्ला, किल्ला नसेल तर मित्राचं शेत, तेही नसेल तर अबोला धरलेल्या भावाचं घर. एकटे जाऊ नका. घरातलं एक म्हातारं आणि एक पोर बरोबर घ्या. आणि घरातल्या बाईला शिदोरी करायला मागं ठेवू नका, तिला आधी बाहेर काढा.