अजस्र

गेली सव्वीस वर्षे मी विद्यार्थ्यांच्या वह्यांतून ‘प्रचंड’ हा शब्द खोडीत आलो आहे. प्रचंड गर्दी असावयास हरकत नाही. पण प्रचंड आनंद, प्रचंड गोड, प्रचंड छान! या शेवटच्या जोडीला मी तांबड्या शाईचे दोन फराटे देतो. चंड म्हणजे उग्र, तापट. तेव्हा उग्रपणे छान कसे असता येईल, असा प्रश्न मी वर्गात विचारतो. मुले निमूटपणे ऐकून घेतात आणि पुढच्या निबंधात पुन्हा ‘प्रचंड’ लिहितात. मी इंग्रजीचा अध्यापक. मराठीची ही चौकीदारी मला कोणी सांगितलेली नाही. तिच्यामागे माझा स्वतःचा एक अपराध आहे आणि त्याकडे मी यथाक्रम येणारच आहे.

मोठेपणाचे आपले शब्द एकदा ओळीने मांडून पाहावेत. त्यांतील पुष्कळसे मुळी आकाराचे नव्हेतच. ते भीतीचे आहेत. प्रचंडाचे कूळ वर सांगितलेच. ‘जंगी’ हा फारसीतील जंगेतून, म्हणजे लढाईतून आला आणि आता मेजवान्यांना जाऊन बसला. राक्षसी, विक्राळ यांविषयी तर बोलावयासच नको. एडमंड बर्कने १७५७ साली एक ग्रंथ लिहून भव्यतेच्या मुळाशी भय असते असा सिद्धान्त मांडला. तो मी दरवर्षी मोठ्या गांभीर्याने शिकवितो. पण तो आपल्या बोलीत आधीच मुरलेला आहे, हे मला फार उशिरा सुचले.

दुसरा गट नकारांचा. अमाप, अपार, असीम, अथांग. हे शब्द वस्तूविषयी काहीच सांगत नाहीत. मोजणाऱ्याचे हात कोठे थकले, एवढेच सांगतात. आणि अस्सल देशी शब्दांचा थाट तर निराळाच! धिप्पाड, टोलेजंग, अगडबंब, अवाढव्य. यांचा अर्थ पाहण्यापूर्वी नुसता उच्चार करावा. तोंड भरून जाते. शिवाय प्रत्येकाचे घर ठरलेले आहे. धिप्पाड तो माणूस, टोलेजंग तो वाडा. वाड्याला धिप्पाड म्हणून पाहा, पोरेसुद्धा हसतील. अगडबंबात थोडी थट्टा मिसळलेली असते, म्हणून तो शब्द देवाला लावीत नाहीत. आमच्या नांदुऱ्याला महामार्गालगत मारुतीची उभी मूर्ती आहे. तिला कोणी अगडबंब म्हणत नाही. ‘एकशेपाच फुटी मारुती’ म्हणतात. आकडा हाती असला की विशेषणाची गरज सरते.

परंतु आकडेही पुढे शब्दच होतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे आहेत. त्यांत एकावर चौदा शून्ये दिली की होणाऱ्या संख्येचे नाव जलधि, म्हणजे समुद्र. गणिती मनुष्यही एवढ्या उंचीवर पोचला की कवीच्या दारात जातो. आपण व्यवहारात अब्जापाशी थांबलो आणि पुढची सारी नावे पंचांगाच्या कोपऱ्यात टाकून दिली.

या सर्व शब्दांची परीक्षा घेणारी एक जागा आमच्या जिल्ह्यात आहे. ती म्हणजे लोणार. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते वर्तुळ आणि काठापासून पाण्यापर्यंत सुमारे १३७ मीटर उतार. पुराणिकांनी त्याला लवणासुराचे बीळ म्हटले. विष्णूने दैत्यसूदन होऊन त्यावरचे झाकण उडविले, अशी कथा आहे. विवराएवढे झाकण कल्पिणाऱ्या त्या अनाम डोक्याला मी नमस्कार करतो. हे विवर बेसॉल्ट खडकावर उल्का आदळून झाले, असे १९७३ साली शास्त्रज्ञांनी पुराव्यानिशी दाखविले. त्याचे वय प्रथम सुमारे ५०,००० वर्षे मानीत. पुढे आर्गॉन वायूच्या मोजणीने ते सुमारे ५,७०,००० वर्षे निघाले. वय अकरा पटींहून अधिक वाढले, तरी आमचा ‘प्राचीन’ हा शब्द जागचा हलला नाही. सरोवराला लोक सर्रास अथांग म्हणतात. वस्तुतः पाणी थोड्याच मीटरांचे आहे.

मी अकरा वर्षांचा असताना बाबांनी मला तेथे नेले होते. बाबा कोरडवाहू शेती करीत, शाळा चौथीपर्यंत. काठावर उभे राहून मी विचारले, “केवढं आहे हो, बाबा?” त्यांनी घाई केली नाही. डोळ्यांवर हात धरून ते बराच वेळ पाहात राहिले आणि म्हणाले, “आपलं गाव याच्यात मावून जाईन, अन् गावाभोवतालची शेतंबी मावतीन.” मग खाली कमळजेच्या देवळाकडे चाललेली माणसे त्यांनी बोटाने दाखविली. ती तिळाएवढी दिसत होती. त्या क्षणी मला ते विवर कळले. त्यानंतर वाचलेल्या कोणत्याही वर्णनाने त्यात भर पडलेली नाही.

२००९ साली बाबा गेले. एका स्थानिक साप्ताहिकाने लेख मागितला. मी एका रात्रीत लिहिला व तो छापूनही आला. त्यात अथांग माया होती, विराट व्यक्तिमत्त्व होते, पर्वतप्राय धैर्य होते, अजस्र कष्ट होते. आईला वाचता येत नसे. म्हणून तेराव्याच्या संध्याकाळी मी तो तिला मोठ्याने वाचून दाखविला. वाचताना माझा स्वतःचाच कंठ दाटून आला, हेही कबूल केले पाहिजे. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाली, “चांगलं लिहिलं, बाबू. पण हे कोनाचं व्हय?”

ती थट्टा करीत नव्हती. मी म्हणालो, “बाबांचं.” ती गप्प राहिली. थोड्या वेळाने दिव्याची वात सारताना, जणू माझी चूक सुधारावी तसे, म्हणाली, “ते माह्यापक्षा चार बोटं उंच होते.”

आईही आता नाही. लेखाचे कात्रण माझ्या टेबलाच्या खणात आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी ते बाहेर काढले आणि विद्यार्थ्याची वही तपासावी तसा तांबडी शाई घेऊन बसलो. अथांग गेला, विराट गेला, पर्वतप्रायावर दोन फराटे पडले. अजस्रापाशी मात्र हात थांबला. अमरकोशात हा शब्द मोठ्या वस्तूंच्या रांगेत नाहीच. तो सतत, अविरत, अनवरत यांच्या पंक्तीला बसला आहे. अजस्र म्हणजे न थांबणारे. आकाराचा अर्थ त्याला मराठीत आल्यावर चिकटला. लिहिताना मला हे ठाऊक नव्हते. दणदणीत वाटला म्हणून मी तो शब्द उचलला होता. पण बाबा पहाटे चारला बैलांना वैरण घालीत, ते शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळेपर्यंत.

तो शब्द मी तसाच ठेवला आहे. बाकीच्या जागा अद्याप मोकळ्या आहेत. समासात पेन्सिलीने ‘चार बोटे’ एवढे लिहिले आहे. त्याचे वाक्य अजून झालेले नाही.